पेशंटचं ऊन

"आं कर."

सिस्टर मला जे पहिलं वाक्य बोलल्या ते हे. माझं वय तेव्हा एकोणतीस, मिशी बऱ्यापैकी, आणि हातात रबरी नळी. फिशटँकमधलं पाणी काढायचं तर नळीचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं तोंडात धरून एकदा जोरात ओढायचं, आणि पाणी ओठांपर्यंत यायच्या आत नळी बादलीत टाकायची. आमच्या कामातले सगळे असंच करतात. त्या दिवशी माझा अंदाज चुकला आणि एक घोट आत गेला. कोणी पाहिलं नाही असं समजून मी तोंड पुसलं, तर समोर पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई उभी. त्यांनी सरळ माझी हनुवटी धरली.

"आं कर. गिळलं ना? कासवाच्या पाण्यात काय काय असते, माहीत आहे काय तुले? काहून तोंडानं ओढून राहिला गा?"

मी आं केलं. तुम्हीही केलं असतंत. तो आवाजच तसा होता. मग त्यांनी मिठाच्या पाण्याच्या तीन गुळण्या समोर उभ्या राहून करायला लावल्या आणि आतून दाबून सोडायचा एक जुना रबरी फुगा आणून दिला. "आजपासून ह्यानं ओढायचं." तो फुगा त्यांच्या नोकरीत कशासाठी वापरत असत, हे मी विचारलं नाही. अजूनही तोच वापरतो.

इंदोऱ्याच्या त्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. सरकारी दवाखान्याच्या नर्स म्हणून त्यांनी खेडोपाडी नोकरी केलेली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्याला, मुलगी भंडाऱ्याला दिलेली. हॉलमध्ये भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली काचेची टाकी, आणि टाकीत एक कासव. ती टाकी दर आठवड्याला साफ करायची म्हणून दुकानानं मला पाठवलं होतं.

माझं सांगायचं तर, मी वेंगुर्ल्याकडचा. आठवीत वडील गेले आणि शाळा सुटली. मग बरंच इकडंतिकडं करत एका चुलतभावाच्या ओळखीनं नागपूरला, मासे आणि टाक्या विकणाऱ्या दुकानात आलो. नकाशात पाहाल तर नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूनं जवळ नाही. समुद्राकाठचा माणूस तिथं घरोघरी बादलीभर पाण्यातले मासे सांभाळत हिंडतो, याचं पहिल्या वर्षी मला रडू यायचं. शिवाय मी मुळात घाबरट. काच तडकेल, मासा मरेल, नळ चालू राहील, अशी भीती घेऊनच मी प्रत्येक घरात शिरायचो. आमचे शेठ म्हणायचे, "जनावर मेलं तर गिऱ्हाईक जातं, आणि गिऱ्हाईक गेलं तर तू जातोस." ते हसत म्हणायचे. मला हसू यायचं नाही.

कासव सिस्टरनी हौसेनं आणलेलं नव्हतं. शेजारी एक बँकेतलं कुटुंब राहायचं. त्यांची बदली झाली, तेव्हा 'आठ-दहा दिवस पाहा, सिस्टर' म्हणून ते टाकी ठेवून गेले ते गेलेच. तेव्हा ते रुपयाएवढं होतं, मी गेलो तोवर बशीएवढं झालेलं. विलायती जातीचं, कानामागं लाल पट्टा. आपल्याकडचं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे सिस्टरना ठाऊक होतं, म्हणून आधी त्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारून आल्या होत्या. हे चालतं म्हटल्यावर मग ठेवलं. नाव ठेवलं नाही. त्या त्याला 'पेशंट' म्हणायच्या.

लहान बाळांचं वजन करायचा झोळीचा काटा तुम्ही पाहिला असेल. वर आकडा, खाली कापडाची झोळी. तो दाराच्या चौकटीला अडकवून दर रविवारी त्या पेशंटचं वजन करायच्या. झोळीतून चार पाय बाहेर, मान बाहेर, आणि कासव हवेत पोहतंय. सिस्टर चष्मा वर करून काटा वाचायच्या आणि म्हणायच्या, "हालू नको रे बाबू, तुह्या मायनंही असाच त्रास दिला असंल."

गल्लीतलं कोणीही समोर आलं की त्या आधी मनगट धरायच्या, नखं पाहायच्या, मग बोलायच्या. गोळ्या घेतोस का, दूध पितेस का. घेतो म्हटलं की, "आं कर, पाहू दे." एकदा चांगल्या साठीच्या रिटायर्ड हवालदाराला त्यांनी रस्त्यात आं करायला लावलेलं मी पाहिलंय. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा सापडला. हवालदारसाहेब शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे.

ही सवय नोकरीतली. पारशिवनीकडच्या गावांत त्यांनी बावीस वर्षं गरोदर बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या.

"वाटल्या की बाया हाव हाव म्हणत," त्या सांगायच्या. "मले वाटे, काय गुणाच्या बाया आहेत. एका घरी चहा प्यायले बसली, वर पाहते तं छपरात कवेलूच्या खाली माह्याच गोळ्या! ओळीनं लावून ठेवल्या. सासू म्हणे, गोळी खाल्ली तं लेकरू मोठं होते, मंग अडते."

"मग हो, सिस्टर?"

"मंग काय. दुसऱ्या घरची कोंबड्यायले टाकून राहिली होती. त्या कोंबड्यायचे अंडे असे टणक, का फोडायले दगड लागे! तवापासून ठरवलं. समोर गिळ, आं कर, जीभ वर कर, मंगच मी उठणार. दिलं म्हणजे पोचलं असं नसते गा."

'दिलं म्हणजे पोचलं असं नसते.' हे वाक्य त्या दिवसातून चार वेळा तरी म्हणायच्या. टपालाबद्दल, सरकारी योजनेबद्दल, मुलाच्या फोनबद्दल, कशाबद्दलही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी एका सकाळी मी टाकी धुवायला गेलो, तर सिस्टर पेशंटला हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. संत्रं घेताना बाई जसा अंगठा दाबून पाहते, तसा त्या कवचावर अंगठा दाबत होत्या.

"हे पाह्य गा. दबून राहिलं."

मी दाबून पाहिलं. ओल्या पुठ्ठ्यासारखं दबत होतं. कवच नरम पडलेली कासवं मी दुकानात पाहिली होती. ती फार दिवस काढत नाहीत.

"कॅल्शियम कमी पडलं ह्याले," सिस्टर म्हणाल्या. "माह्या घरात! लोक हसतील."

मी शेठनी पढवलेलं वाक्य बोललो. पाण्यात सोडायचा पांढरा ब्लॉक येतो, तो टाकला की बाकी त्याचं तो बघून घेतो. ब्लॉक आणून टाकला. तो आठ दिवसांत विरघळून गेला आणि टाकीत नुसतं दुधासारखं पाणी झालं. सिस्टरनी मला टाकीसमोर उभं केलं. "हे पोचलं काय त्याले? हे गेलं तुह्या बादलीत."

मग मी दुकानातून समुद्रफेस आणला, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात अडकवतात तो. आमच्या किनाऱ्यावर म्हाकल माशाची ही पांढरी हाडं पावलापावलाला पडलेली असतात, पोरं त्यांच्या होड्या करतात. इथं ती पिशवीत बंद करून, चिठ्ठी लावून ठेवलेली. पेशंटनं एकदा नाक लावलं आणि पाठ फिरवली. शेवटी सिस्टरनी औषधाच्या दुकानातून कासवांसाठीची कॅल्शियमची पावडर मागवली. डबीवर 'आठवड्यातून दोनदा' लिहिलेलं होतं. सिस्टर रोज द्यायला लागल्या. "नुकसान भरून काढायचं आहे," म्हणाल्या. पावडर खाण्यावर भुरभुरली की पाण्यात उतरायची आणि पेशंट धुतलेला तुकडा तेवढा खायचा. कवच दबत होतं तसंच दबत राहिलं.

आता माझी चूक सांगतो.

आम्ही लहान असताना आई आम्हा भावंडांना चुन्याची निवळी द्यायची. चुना पाण्यात घोळून ठेवायचा, खाली बसला की वरचं नितळ पाणी चमचाभर प्यायला द्यायचं. हाडं घट्ट होतात म्हणायची. झालीही असतील, माझं एकही मोडलेलं नाही. मला वाटलं, चुना म्हणजे कॅल्शियमच की. माणूस चमच्यानं पितो, कासव तर पाण्यातच राहतं, मग त्याला पाण्यातूनच द्यावं. पानठेल्यावरून चुन्याच्या डब्या घेतल्या, बाटलीत रिकाम्या केल्या, पाणी भरून हलवलं. निवळी होईपर्यंत थांबावं, तर मला धीर नव्हता. रविवारी सिस्टर विहारात वंदनेला गेलेल्या, घर मला उघडं ठेवून. मी टाकी धुतली, नवं पाणी भरलं आणि अर्धी बाटली ओतली.

सांगितलं नाही. गुण आला की सांगू, असं मनात होतं. सिस्टर शाबासकी देतील, असंही मनात होतं. खोटं कशाला बोलू?

मंगळवारी त्यांचा फोन आला. "पेशंट डोळे उघडून नाही राहिला. येतोस काय?"

मी गेलो तोवर त्यांनी पाणी बदललं होतं. कासवाचे दोन्ही डोळे भिजलेल्या हरभऱ्यासारखे सुजलेले, मानेची कातडी सुटत चाललेली. टोपलीत ओला पंचा घालून आम्ही ते जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण डॉक्टर होते, शांत स्वभावाचे. त्यांनी विचारलं, "पाण्यात काही टाकलं होतं का?"

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "साधं नळाचं पाणी."

मी टोपली धरून उभा होतो. आता सांगावं, आता सांगावं असं करत होतो तोवर डॉक्टरांनी पुढचं विचारलं.

"आणि कॅल्शियम?"

"रोज देते."

"रोज? डबीवर दोनदा लिहिलंय, मावशी. जास्तही बरं नसतं. सध्या पूर्ण बंद करा, मग बघू." त्यांनी इंजेक्शन दिलं, डोळ्यांत घालायचं औषध लिहून दिलं. जगेल का, असं सिस्टरनी विचारलं नाही. मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, कारण नीट कळलं असतं तर बोललो असतो.

ऑटोत सिस्टर बाहेर पाहत बसल्या होत्या. कडबी चौक गेल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं सुई धरली, गोळी दिली. माह्या हातानं कोणाले नडलं नव्हतं."

घरी येऊन त्यांनी पावडरीची डबी केराच्या टोपलीत टाकली. मी पाहत होतो. तरी बोललो नाही. मला शेठ दिसत होते, माझी ट्रंक दिसत होती, परतीची गाडी दिसत होती.

पुढचे तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ जाऊन डोळ्यांत औषध घालून येत होतो. पेशंट तसाच. पण त्याच्याहून वाईट मला दुसरंच दिसत होतं. सिस्टर कोणाची नखं पाहत नव्हत्या. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, नेहमीसारखं बीपी मोजून घ्यायला. सिस्टरनी यंत्राचा डबा उघडलाच नाही.

"दवाखान्यात जाऊन ये वं."

"काहून वं, सिस्टर? आजवर तं तुम्हीच..."

"माह्या हाताचा भरवसा नाही आता. वय झालं माह्यं."

काकू माझ्याकडं पाहत निघून गेल्या. मी टाकीपाशी बसलेला. कासव मेलं असतं तर मी गप्प राहून निभावलंही असतं कदाचित, तेवढा वाईट मी होतोच. पण एक आख्खी बाई माझ्या बाटलीभर चुन्यापायी आपले हात मांडीत घेऊन बसली होती. तोंडातून एकदम गावची भाषा बाहेर आली. "मी चुनो घातलंय. पाण्यात. मीच."

सिस्टरनी मान वर केली. मी परत सांगितलं, नीट, शहरातल्या मराठीत. वाटलं, आता दार दाखवतील.

"किती?" त्या म्हणाल्या.

"अर्धी बाटली."

"कोणता चुना?"

"पानठेल्यावरचा. डबीतला."

"कवा?"

"रविवारी. तुम्ही विहारात होतात तेव्हा."

एवढं विचारून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "सांग. मले सांगितलं तसंच. एक शब्द गाळू नको."

मी सांगितलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, बरं झालं कळलं, चुन्यानं डोळे भाजलेत. कशानं धुवायचे, किती वेळा, ते सांगितलं. पावडर आठवड्यानं पुन्हा सुरू करा, पण दोनदाच. मग त्यांनी विचारलं, टाकीवर ऊन येतं का? मी म्हटलं, हॉलमध्ये ट्यूबलाइट आहे. खिडकीच्या काचेतून थोडं येतं. ते म्हणाले, काचेतलं ऊन कामाचं नाही, अंगावर पडलेलं ऊन पाहिजे. त्याशिवाय कितीही कॅल्शियम द्या, हाडापर्यंत जाणार नाही.

हे सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

"अवं माय! जन्मभर बायायले सांगत आली, लेकरू कोवळ्या उन्हात धरा, तुम्हीही बसा. अन् माह्या घरात पेशंट काचेत कोंडला! पोचंल कसं त्याले?" मग त्यांचा मोर्चा माझ्याकडं वळला. "अन् तू! निवळी चमचाभर असते गा, कोकण्या! तू तं त्याले दिवाळीची भिंत समजला. दोन हात मारून मोकळा!"

मी खाली मान घालून उभा. त्या बराच वेळ बोलल्या. आईनंही मला कधी एवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या. मग एकदम थांबल्या. "चार दिवस मी स्वतःलेच खाऊन राहिली होती रे," त्या हळू म्हणाल्या. "कमीत कमी आता झोप लागंल." आणि केराच्या टोपलीतून डबी काढून पदरानं पुसली.

"शेठना..." मी म्हटलं.

"शेठले मी पाहते. उद्या साडेसहाले ये. पेशंट तुह्या ड्युटीवर."

त्या खरंच दुकानात आल्या. मी मागं पोती लावत होतो. शेठसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ब्लॉक विकता तं संग ऊनही सांगत जा गिऱ्हाइकाले." चुन्याचं नाव काढलं नाही. शेठनी मला दोन शब्द ऐकवले ते ब्लॉकबद्दलच. माझी नोकरी राहिली. हे ऋण मी कुठं फेडणार? ज्यांचं नुकसान केलं त्यांनीच झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला गच्ची. नागपूरचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिलात आठ वाजले की कासवाचं कालवण होईल. म्हणून कोवळ्या उन्हाची अर्ध्या-पाऊण तासाची ड्युटी. टब, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, पाण्याच्या वर येईल असा एक विटांचा ओटा, आणि टबावर अर्धी फळी, म्हणजे नको वाटलं तर त्याला सावलीत जाता येईल. कावळ्यांसाठी जाळी. सिस्टर प्लास्टिकच्या खुर्चीत.

आठ दिवसांनी पेशंटनं एक डोळा किलकिला केला. दहाव्या दिवशी दुसरा. सिस्टर म्हणाल्या, "पाह्य, कोण चुना टाकून गेला ते शोधून राहिला."

पावडर पोचवायची युक्ती त्यांचीच. उकडलेल्या माशाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, ब्लेडनं मधे चीर द्यायची, आत चिमूटभर पावडर भरायची, बोटानं मिटवायची. गावातल्या बायकांना त्या गोळी गुळाच्या खड्यात घालून द्यायच्या, तशी. मग ड्रेसिंगच्या चिमट्यात तो तुकडा पाण्याच्या वर धरायचा. पेशंट मान लांब करून तोंड उघडायचा आणि सिस्टर त्याच्या बरोबरीनं स्वतःही तोंड उघडायच्या. आपण नाही का लहान मुलाला भरवताना उघडत, तसं. बुधवार आणि शनिवार. त्याहून एक दिवस जास्त नाही. एकदा माझ्याच तोंडून गेलं, आज देऊ का थोडी? तर त्यांनी नुसतं पाहिलं.

गच्चीवर बसून त्या माझ्याही चौकशा करायच्या. आईला फोन करतोस का? मी म्हणायचो, करतो कधीकधी. खरं म्हणजे करत नव्हतो. चांगलं सांगण्यासारखं काही असल्याशिवाय मला फोन करवत नाही. एक दिवस त्यांनी माझा फोन घेतला आणि लावायला लावला. आईची मालवणी त्यांना कळेना, त्यांची नागपुरी आईला कळेना. तरी दोघी दहा मिनिटं बोलत होत्या. शेवटी फोन माझ्या कानाला आला तर आई ओरडत होती, "अरे मेल्या, निवळी कशी करतत ती तुका म्हायत नाय?" सिस्टर खुर्चीत हलून हलून हसत होत्या. तेव्हापासून दर शनिवारी पेशंटची पावडर झाली की मी गच्चीवरूनच आईला फोन करू लागलो.

पावसाळ्यात ढगांमुळं खाडे पडले, ऑक्टोबरात परत नियमित झालं. थंडी पडली तेव्हा पाठीचा मधला भाग टणक लागायला लागला होता. कडा मात्र अजून दबायच्या. अंगठ्यानं दाबून सिस्टर म्हणायच्या, "जुनं दुखणं आहे. येईल, सावकाश येईल."

जानेवारीत त्या आठ दिवसांसाठी मुलीकडं भंडाऱ्याला निघाल्या. मी बॅग ऑटोत ठेवली. त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि ऑटोत बसल्या. मी वाट पाहत उभा राहिलो. कधी काढायचं, किती वेळ, किती पावडर, सगळं आता परत एकदा सांगतील म्हणून.

"काही सांगायचं नाही?" मीच विचारलं.

"काय सांगू? तुले येते ना," त्या म्हणाल्या. ऑटो निघाली.

त्या घरात मी एकटा जायचो, कुलूप उघडायचो, पेशंटला वर न्यायचो, आणि निघताना चार वेळा कुलूप ओढून पाहायचो. आठाचे दहा दिवस झाले. मुलगी राहू देत नसेल, असं मी धरून चाललो. अकराव्या दिवशी मी गच्चीवर असताना शेजारच्या काकू जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. दोन-तीन पायऱ्या राहिल्या असतानाच थांबल्या आणि कठड्याला धरून म्हणाल्या, "सिस्टर गेल्या गा. काल दुपारी जेवून पडल्या, त्या उठल्याच नाही."

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी घड्याळ पाहिलं. ड्युटीची पंधरा मिनिटं बाकी होती. ती पुरी केली. तो बुधवार होता. खाली जाऊन माशाच्या तुकड्याला चीर दिली, पावडर भरली, चिमट्यात धरली. पेशंटनं घेतली. मग तिथंच फरशीवर बसलो.

सिस्टरच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल पुरेना. पारशिवनीकडून एक जीपभर बाया आल्या होत्या. एकीनं तिचा सहा फुटी मुलगा सगळ्यांसमोर उभा केला आणि म्हणाली, "हा सिस्टरच्या गोळ्यायचा. छपरात लपवल्या होत्या मी. सिस्टरनं काढायले लावल्या." लोक रडता रडता हसले. तो मुलगा लाजून खाली पाहत होता.

महिन्याभरानं पुण्याहून त्यांचा मुलगा घर आवरायला आला. भला माणूस. पलंग कोणाला, कपाट कोणाला, असं करत टाकीपाशी आला.

"ह्याचं काय करायचं, दादा? फुटाळा तलावात सोडून देऊ. बिचारं मोकळं तरी होईल. आईलाही बरं वाटेल."

"नाही," मी म्हणालो.

इतक्या मोठ्यानं म्हणालो की सामान उचलणारी माणसं थांबली. आयुष्यात मी कोणाच्या घरात उभं राहून त्या घरच्या माणसाला 'नाही' म्हटलेलं नाही. पण एकदा सुटलो तो थांबलोच नाही. हे विलायती आहे, आपल्या तळ्यातल्या कासवांचा घास खाईल, डॉक्टरांनी सोडायचं नाही म्हणून सांगितलंय. ह्याच्या कडा अजून नरम आहेत. ह्याला सकाळचं ऊन लागतं, काचेतलं चालत नाही. बुधवारी आणि शनिवारी पावडर, माशाच्या पोटात भरून, वरून भुरभुरून नाही. ह्याचे डोळे एकदा माझ्या हातून गेले होते, तुमच्या आईंनी वाचवले.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आई फोनवर ह्याचंच सांगत असायची. मी हं हं करायचो." मग त्यांनी स्वतःच पेशंटसकट टब उचलून माझ्या गाडीला बांधून दिला.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, वर गच्ची. घरमालकांनी आधी कटकट केली, आता त्यांची नात विटांचा ओटा रचून देते. गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी पेशंटला ओट्यावर ठेवलं आणि सवयीनं कवचाच्या कडेवर अंगठा दाबला. दबली नाही. दुसरी बाजू दाबली, मागची दाबली. कुठंच दबली नाही. मी बाजूला बसलो. थोड्या वेळानं पाहतो तर पेशंटचे मागचे दोन्ही पाय ताठ, सरळ मागं लांबवलेले, बोटं फाकलेली, मान पुढं टाकलेली. असं त्यानं कधीच केलं नव्हतं. गेलं, असंच मला वाटलं. मी गुडघ्यांवर पुढं सरकलो, हात लावायला धीर होईना.

त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडं पाहिलं आणि मिटून घेतला. पाय तसेच लांब. त्याला बरं वाटत होतं, एवढंच. ऊन आवडून ते अंग पसरून पडलं होतं.

वाकून पाहताना माझी सावली त्याच्या पाठीवर पडली होती. मी बाजूला सरकलो.